उसंत आणि सोबत

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पतसंस्थेत लहान माणसांच्या ठेवी सांभाळल्या. ठेवीदाराचा पैसा ही त्याची अब्रू आहे असं मानणाऱ्या पिढीतले ते. म्हणून आज मी पैशाचाच विषय घेतला आहे. उतारवयात माणूस पैशाचे निर्णय कसे घेतो, कुठे कमी पडतो आणि त्याचा गैरफायदा कोण कसा घेतं, हा तो विषय. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातला मोठा काळ काउंटरवर गेला. त्यामुळे आज सांगणार आहे त्यातलं काही वाचलेलं आहे आणि काही डोळ्यांसमोर घडलेलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हाताऱ्या माणसाला लुबाडायला दोन गोष्टी पुरतात, घाई आणि एकटेपणा. फोनवरचा ठग असो, जादा व्याजाची योजना गळ्यात मारणारा असो, नाहीतर घरातलाच कोणी असो, प्रत्येकाचं बोलणं शेवटी दोन वाक्यांवर येतं. ‘आत्ताच करा’ आणि ‘कोणाला सांगू नका’. म्हणून उपायही दोनच आहेत, उसंत आणि सोबत. या दोन्हींची सोय ज्याची त्याने, डोकं धड असताना, आपल्या हाताने करून ठेवायला हवी. आणि ती करता येईल अशी वाट बँकांनी आणि कायद्याने मोकळी ठेवायला हवी.

आधी एक गैरसमज दूर करू. एखादे निवृत्त अधिकारी किंवा प्राध्यापक फसल्याची बातमी आली की आपण म्हणतो, एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा? या प्रश्नात एक आरोप दडलेला असतो, की फसणारा एकतर मूर्ख असतो किंवा लोभी. संशोधन वेगळं सांगतं.

रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार मानले. एक साचलेली बुद्धी, म्हणजे अनुभव, शब्दसंपत्ती, माणसांची पारख, व्यवहाराचं ज्ञान. ती सत्तरीपर्यंतही टिकते, कित्येकदा वाढते. दुसरी ताजी बुद्धी, म्हणजे नवी गोष्ट पटकन समजून घेणं, चार आकडे एकाच वेळी डोक्यात धरणं, मनात उसळलेली ऊर्मी क्षणभर आवरणं. ही तरुणपणापासूनच हळूहळू उतरायला लागते. पैशाच्या निर्णयाला दोन्ही लागतात. अगरवाल, ड्रिस्कॉल, गॅबे आणि लेबसन या अर्थतज्ज्ञांनी 2009 साली अमेरिकेतल्या कर्जांच्या आणि क्रेडिट कार्डांच्या नोंदी तपासल्या. व्यवहारातल्या चुका सर्वांत कमी होतात ते वय त्यांना सुमारे 53 वर्षांचं आढळलं. त्याआधी अनुभव कमी पडतो आणि त्यानंतर ताजी बुद्धी.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. डोळ्यांना चाळिशी लागते तेव्हा अक्षरं पुसट दिसतात, वर्तमानपत्र लांब धरावं लागतं आणि माणूस आपण होऊन चष्म्याच्या दुकानात जातो. पैशाची समज अंधूक होते तेव्हा पुसट असं काहीच दिसत नाही. मायकेल फिंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत साठीपुढच्या लोकांची अर्थविषयक समज मोजली. वयागणिक गुण उतरत गेले, पण आपल्याला पैशातलं कळतं हा विश्वास मात्र तेवढाच राहिला. समज आणि आत्मविश्वास यांच्यामध्ये पडलेली ही फट बाहेरचा माणूस बरोबर ओळखतो.

समज एकदम जात नाही आणि सगळीच्या सगळीही जात नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल मार्सन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या आर्थिक क्षमतेचा अनेक वर्षं अभ्यास केला. नाणी-नोटा ओळखणं, सुटे मोजणं या सवयीच्या गोष्टी बराच काळ शाबूत राहतात. बँकेचं विवरणपत्र वाचणं, दोन योजनांमधला फरक समजणं, हे आधी ढासळतं. म्हणून घरच्यांचा अंदाज चुकतो. आई भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालते, दूधवाल्याचा हिशोब तोंडी सांगते, तेव्हा मुलाला वाटतं आईचं डोकं अगदी लख्ख आहे. ते असतंही, भाजीपुरतं आणि दुधापुरतं. वीस पानी विमा पॉलिसीवर सही करायला लागणारं कौशल्य निराळं असतं.

लॉरेन निकोलस आणि सहकाऱ्यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं की स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याच्या सहा वर्षं आधीपासून काही लोकांची बिलं थकायला लागली होती. डॉक्टरच्या आधी पासबुकाला कळलं होतं. शिकागोच्या रश विद्यापीठात पॅट्रिशिया बॉइल यांनी ज्येष्ठांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ठकबाजीविषयी जे कमी सावध होते, त्यांच्यात पुढे अल्झायमर होण्याचं प्रमाण जास्त निघालं. आपल्याकडे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘लासी’ नावाचा वार्धक्याचा मोठा अभ्यास चालू आहे. त्याच्या आधारे भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. आत्ता कुठे पहिल्या पायरीवर असलेल्या माणसांची संख्या वेगळीच.

आता हा गैरफायदा कुठल्या दारांनी आत येतो ते पाहू. तीन दारं आहेत, फोनचं, काउंटरचं आणि घराचं.

फोनच्या दारातून सध्या ‘डिजिटल अरेस्ट’ येते. अशी कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय, कोणीही व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही. तरी समोर खाकी वर्दी दिसते, मागे अशोकस्तंभ दिसतो, न्यायालयाचा शिक्का मारलेला कागद व्हॉट्सॲपवर येतो. तुमच्या आधार कार्डावर भलतंच पार्सल सापडलंय, कॅमेरा बंद करायचा नाही, मुलांना कळवायचं नाही, चौकशी होईपर्यंत पैसे ‘सरकारी खात्यात’ वळते करा. हे तासन् तास चालतं, काही वेळा दिवसचे दिवस. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुटलं गेलं. त्यांच्या तक्रारीची सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि 1 डिसेंबर 2025 रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

यात लोभ कुठे आहे? सरकारी कागदाचा मान राखणारी, आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली ही माणसं आहेत. त्यांचा प्रामाणिकपणाच त्यांच्याविरुद्ध वापरला जातो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शाखेत घडलेला प्रसंग सांगतो. एक निवृत्त शिक्षक बँक उघडताच आले. तीन मुदतठेवी मोडून सगळी रक्कम आरटीजीएसने पाठवायची होती. फॉर्मवर नाव कुठल्याशा कंपनीचं, शाखा दूरच्या राज्यातली. शर्टाच्या खिशात मोबाइल, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काका, कशासाठी पाठवताय?” ते खिशाकडे बघत म्हणाले, “घराचं काम काढलंय.” तिने पुढे तोंडाने काही विचारलं नाही. एका पे-इन स्लिपच्या पाठीवर तिने लिहिलं, ‘फोनवर कोणी आहे का? नुसती मान हलवा.’ आणि ती स्लिप सहीसाठी म्हणून पुढे सरकवली. शिक्षकांनी वाचलं, मान हलवली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “सिस्टीम स्लो आहे काका, पाच मिनिटं आत बसा,” असं मोठ्याने म्हणत ती त्यांना मॅनेजरच्या केबिनमध्ये घेऊन गेली. मॅनेजरने फोन बंद करायला लावला आणि शिक्षकांच्या मुलीला बोलावून घेतलं. एक रुपयाही गेला नाही. काउंटरवरच्या त्या मुलीने काय केलं? पाच मिनिटांची उसंत दिली आणि बरोबर कोणीतरी आहे हे दाखवून दिलं.

पण अशी मुलगी प्रत्येक काउंटरवर भेटेलच असं नाही आणि घरबसल्या मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्याला काउंटरच नसतो. पैसे गेल्यावर कायदा काय देतो? रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या संमतीविना, तिसऱ्याच कोणामुळे झालेला ऑनलाइन व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर तोशीस पडत नाही. पण धाकाखाली का होईना, पैसे स्वतःच्या हाताने पाठवले की तो व्यवहार ‘अधिकृत’ ठरतो आणि हे संरक्षण गळून पडतं. ब्रिटनने ही फट बुजवली आहे. तिथे 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीत 85,000 पौंडांपर्यंतची भरपाई द्यावी लागते आणि तिचा भार पैसे पाठवणारी आणि स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांवर निम्मा-निम्मा पडतो. नुकसान स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर बँका आपसूक सावध होतात. आपल्याकडेही ही जबाबदारी बँकांवर यायला हवी. तोवर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक घरातल्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी पहिल्या तासाभरात तक्रार गेली, तर ते गोठवता येण्याची शक्यता बरीच असते.

दुसरं दार काउंटरचं. ते माझ्या व्यवसायाचं आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मुदतठेव नूतनीकरणाला आलेल्या माणसाला ‘ही एफडीच आहे, फक्त व्याज जास्त’ असं सांगून भलतंच काही विकलं जातं. येस बँकेचे 8,415 कोटी रुपयांचे एटी-1 बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली तर मुद्दलही बुडू शकतं असे रोखे, मार्च 2020 मध्ये शून्यावर आले. सेबीच्या एप्रिल 2021 च्या आदेशात नोंद आहे की हे बाँड घेणाऱ्यांपैकी 277 ग्राहकांनी आपली मुदतठेव मुदतीआधी मोडून पैसे त्यात घातले होते. ठेव आणि बाँड यांतला फरक त्यांना समजावून सांगणारं कोणी नव्हतं. विमा पॉलिसी गळ्यात पडली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. हे तीस दिवस म्हणजे कायद्याने दिलेली उसंत आहे. त्या मुदतीत तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या.

तिसरं दार घराचं. इथे ना वर्दी असते ना विक्रेता, इथे माया असते. म्हणून हे दार सर्वांत अवघड. विधवा आईला ‘फक्त सही कर’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही करायला लावतात. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. पण त्यामुळेच घरात बोलणं सुरू होतं, ‘बाबा, मृत्युपत्राच्या मागे भानगडी लागतात, दोनशे रुपयांत बक्षीसपत्र होतंय, उद्याच जाऊन येऊ.’ इथेही तीच घाई. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येतं आणि जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवून झालं की घर त्या दिवसापासून दुसऱ्याचं होतं.

कायदा इथे अगदीच निष्प्रभ नाही. 1872 च्या करार कायद्याच्या 16 व्या कलमात, वय, आजारपण किंवा मनाचा त्रास यांमुळे ज्याची मानसिक क्षमता उणावली आहे त्याच्याशी केलेल्या कराराकडे अनुचित प्रभावाच्या दृष्टीने पाहायला सांगितलं आहे. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं 23 वं कलम आणखी पुढे जातं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अध्यक्षाखाली चालतं, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतांकडे. अट कुठे लिहिलेली असावी यावर मात्र वाद झाले. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अट होती हे दाखवावं लागेल. नंतर मध्य प्रदेशातल्या उर्मिला दीक्षित या आईच्या खटल्यात, 2 जानेवारी 2025 रोजी, त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने कायद्याचा उदार अर्थ लावला, बक्षीसपत्र रद्द केलं आणि मालमत्तेचा ताबा आईला परत द्यायला सांगितलं. तरी निकालाच्या भरवशावर राहू नका. देणारच असाल तर बक्षीसपत्रातच ‘हयातभर सांभाळ आणि हयातभर राहण्याचा हक्क’ असं स्वच्छ लिहून घ्या. चांगल्या मुलाला ते लिहिल्याने काही कमी पडत नाही.

आता कायद्यातल्या एका मोठ्या उणिवेकडे येतो. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात, पुढे डोकं चालेनासं झालं तर मुलगी सगळं बघेल म्हणून. पण करार कायद्याच्या 201 व्या कलमाप्रमाणे, ज्याने अधिकार दिला त्याचं मानसिक स्वास्थ्य हरपलं की दिलेला अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. 2017 चा नवा कायदा उपचारांच्या बाबतीत कितीतरी अधिक माणुसकीचा आहे, पण त्यात मालमत्तेचा तो भाग उरलेला नाही. परिणामी स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याच्या उपचारासाठी त्याचीच ठेव मोडायची तर बायकोला उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने कोमातल्या व्यक्तींच्या बाबतीत 2019 साली त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, इतर उच्च न्यायालयांनीही पालक नेमले. पण सत्तरीतल्या किती जणींना हे परवडेल? ब्रिटनमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आहे. जपानने 2000 साली, माणूस शुद्धीत असतानाच आपला पुढचा पालक निवडू शकेल, अशी व्यवस्था केली. आपल्या संसदेने असा कायदा करावा ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनीच लावून धरली पाहिजे, कारण तिची गरज त्यांनाच आहे.

एवढं ऐकून इथल्या तरुण मंडळींपैकी कोणी घरी जाऊन वडिलांचं पासबुक आणि एटीएम कार्ड ताब्यात घेऊ नका. तेही शोषणच. वडिलांनी मंदिराला देणगी दिली, कामवालीच्या मुलीची फी भरली, किंवा तुम्हाला न पटणारी खरेदी केली, म्हणजे त्यांची बुद्धी गेली असं होत नाही. न पटणारा निर्णय घेण्याचा हक्क आपल्याला तिशीत असतो, तसा त्यांना ऐंशीतही असतो. सोबत याचा अर्थ कारभार हिसकावणं नव्हे. सोबत म्हणजे निर्णय त्यांचा आणि बरोबर वाचणारं माणूस आपलं. मुलं अमेरिकेत, आई-वडील कोथरूडला किंवा नाशकात, अशा घरांमध्ये तर हे फार महत्त्वाचं आहे. तिथे रोज आपुलकीने चौकशी करणारा एकमेव आवाज कधीकधी ठगाचाच असतो. दिवसाआड केलेला फोन आणि त्यात ‘आज बँकेचं काही काम निघालं का?’ हा सहज प्रश्न, याने जेवढं रक्षण होतं तेवढं कुठल्याही ॲपने होत नाही. आणि कोणी फसलंच तर पहिलं वाक्य ‘तुम्हाला सांगितलं होतं ना’ हे नसावं. लाजेने गप्प बसलेला माणूस पुन्हा फसतो.

मग आपण प्रत्येकाने काय करायचं? पहिलं म्हणजे, साठी उलटली की एक माणूस निवडा. मुलगा, भाची, शेजारी, जुना मित्र, कोणीही. मोठ्या व्यवहाराआधी मी याच्याशी बोलेन, असं स्वतःला आणि त्याला सांगा. दुसरं, पैशाची दोन घरं करा. एका खात्यात महिन्याचा खर्च, यूपीआय तेवढ्यापुरतंच. दुसऱ्यात जमा पुंजी, त्याला मोबाइल बँकिंग नको. तिसरं, खात्यावर दुसरं नाव लावताना फॉर्मवरचा चौकोन नीट वाचा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही, केव्हाही पैसे काढू शकतं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत व्यवहार फक्त तुमच्या सहीने. हा एक टिकमार्क काय करतो हे न कळल्यामुळे घरंच्या घरं तुटलेली मी पाहिली आहेत. चौथं, मोठ्या रकमेच्या प्रत्येक निर्णयाला एक रात्र द्या. खरी संधी सकाळपर्यंत थांबते. सकाळपर्यंत न थांबणारी संधी सोडून द्यावी.

आणि बँकांनी काय करायचं? सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्येच सांगितलं आहे. त्याच्या पुढचं पाऊल अमेरिकेतल्या शेअर दलालांच्या नियमांमध्ये फेब्रुवारी 2018 पासून आहे. ग्राहकाकडून एका विश्वासू माणसाचं नाव विचारून घेतलं जातं. त्या माणसाला खात्यातला एक पैसाही काढता येत नाही. ग्राहकाची फसवणूक होते आहे अशी शंका आली तर त्याला फोन जातो आणि व्यवहार काही दिवस रोखूनही धरता येतो. आपल्या बँकांच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना आहे, पण तो मरणानंतरचा. जिवंतपणी हाक मारायच्या माणसाचा रकाना नाही. तो असावा, आणि ज्येष्ठाने स्वतः मागितलं तर त्याच्या खात्यातून अनोळखी खात्यावर जाणाऱ्या मोठ्या रकमेला चोवीस तासांचा थांबा लावण्याची सोय असावी. यात नवं तंत्रज्ञान लागत नाही, फक्त ठरवावं लागतं.

म्हणून आज या सभागृहातून एक काम घेऊन जाऊ या. आपल्या परिसरातल्या प्रत्येक बँकेच्या शाखेला आणि पतसंस्थेला संघाच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं. त्यात तीनच मागण्या: विश्वासू माणसाच्या नावाचा रकाना, मागेल त्याला चोवीस तासांचा थांबा, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना अशी फसवणूक ओळखण्याचं प्रशिक्षण. पत्राची पोच घ्यायची आणि महिन्याने उत्तर विचारायला पुन्हा जायचं, एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून. मसुदा मी लिहून आणला आहे, कार्यक्रमानंतर त्यावर सह्या घेऊ. वयाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत आपला पैसा आपल्या मर्जीने खर्च करता येणं हा आपला हक्क आहे, आणि तो आपणच मागायला हवा.